पुष्काशचा दुसरा डाव

2 जून 1971. लंडनच्या वेम्बली मैदानावर युरोपियन चषकाचा अंतिम सामना. एका बाजूला ॲमस्टरडॅमचा अयाक्स, ज्यात तरुण योहान क्रॉयफ खेळत होता. दुसऱ्या बाजूला अथेन्सचा पानाथिनाइकोस. त्याआधी एकही ग्रीक संघ या टप्प्याच्या जवळपासही पोहोचला नव्हता. त्या संघाचा प्रशिक्षक होता 44 वर्षांचा एक बुटका, पोट सुटलेला हंगेरियन. या मैदानाला तो अनोळखी नव्हता. अठरा वर्षांपूर्वी याच गवतावर त्याने इंग्लंडचा गर्व उतरवला होता. त्याचं नाव फेरेंत्स पुष्काश.

पुष्काशची गोष्ट सांगणारे बहुतेक जण 1966 मध्ये, तो खेळाडू म्हणून थांबला तिथे, थांबतात. पुढची सत्तावीस वर्षं एका ओळीत उरकली जातात: ‘नंतर त्याने अनेक देशांत प्रशिक्षण दिलं.’ मला त्या ओळीचं फार वाईट वाटतं. स्वतःच्या देशात परतायची सोय नसलेला हा माणूस खंडामागून खंड पालथे घालत लोकांना एकच गोष्ट शिकवत राहिला: पुढे जा, गोल करा. ते शिक्षण कुठे रुजलं आणि कुठे वाया गेलं, हे त्याच्या डाव्या पायाइतकंच समजून घेण्यासारखं आहे.

पण त्यासाठी आधी तो डावा पाय समजायला हवा.

पुष्काशचा जन्म 1927 चा, बुडापेस्टचा. घराणं मूळचं जर्मन वंशाचं, आडनाव पुर्त्सेल्ड. ते 1937 मध्ये बदलून पुष्काश झालं. तो वाढला किश्पेश्त या कामगारवस्तीत. वडील तिथल्याच क्लबात आधी खेळाडू, मग प्रशिक्षक. शेजारच्या घरात योझेफ बोझिक नावाचा मुलगा राहायचा, आणि ही दोन पोरं मैदानावर एकमेकांना न बघताही चेंडू द्यायला शिकली. क्लबात नाव नोंदवायचं वय नव्हतं, म्हणून लहानगा पुष्काश काही काळ ‘मिक्लोश कोवाच’ या खोट्या नावाने खेळला. 1943 मध्ये, सोळाव्या वर्षी, तो मोठ्यांच्या संघात आला. युद्ध संपल्यावर ऑगस्ट 1945 मध्ये ऑस्ट्रियाविरुद्ध देशासाठी पहिला सामना, आणि त्यातच पहिला गोल. सगळे त्याला ‘ओची’ म्हणत, म्हणजे धाकटा भाऊ.

हंगेरीत कम्युनिस्ट राजवट आली आणि 1949 मध्ये किश्पेश्तचा क्लब संरक्षण खात्याने ताब्यात घेतला. त्याचं नाव झालं होनवेद. देशातले उत्तम खेळाडू सैन्यभरतीच्या वाटेने याच एका क्लबात आणले गेले: कोचिश, त्सिबोर, गोलरक्षक ग्रोशिच. सगळ्यांना लष्करी हुद्दे मिळाले. पुष्काश पुढे मेजर झाला. क्रीडा उपमंत्री गुस्ताव शेबेश हेच राष्ट्रीय संघाचेही प्रमुख होते. खेळाडू वर्षभर एकत्र खेळतात, तेच राष्ट्रीय संघातही खेळतात, ही सोय तेव्हा युरोपात क्वचितच कुणाकडे होती. सत्तेला या संघाचा प्रचारासाठी उपयोग हवा होता, यात शंका नाही. पण मैदानावर त्यांनी जे निर्माण केलं ते कुठल्याही सत्तेच्या हुकुमाने होणारं नव्हतं.

1952 ची हेलसिंकी ऑलिंपिक स्पर्धा मराठी माणसाला खाशाबा जाधवांमुळे आठवते. कराडजवळच्या गोळेश्वरच्या या मल्लाने तिथे कांस्यपदक मिळवलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्याच हेलसिंकीत भारताचा फुटबॉल संघ युगोस्लाव्हियाकडून 10-1 असा हरला. आणि त्या युगोस्लाव्हियाला अंतिम सामन्यात 2-0 ने हरवून सुवर्णपदक नेलं हंगेरीने. पुष्काशने त्या सामन्यात एक पेनल्टी वाया घालवली, आणि मग संघाचा पहिला गोलही त्यानेच केला.

पुढच्या वर्षी, 25 नोव्हेंबर 1953 ला, वेम्बली. ब्रिटिश बेटांबाहेरच्या एकाही देशाने तोवर इंग्लंडला या मैदानावर हरवलं नव्हतं. लाखाच्या वर प्रेक्षक आले होते. निकाल: हंगेरी 6, इंग्लंड 3. हंगेरीने केलेली युक्ती आज सोपी वाटते. नऊ नंबरचा हिदेगकुटी आघाडीच्या टोकाला न थांबता मागे मध्यात उतरायचा. त्याला धरायला ठेवलेला इंग्लंडचा हॅरी जॉन्स्टन कात्रीत सापडला. मागे जावं तर बचावात खिंडार पडतं, जागेवर थांबावं तर हिदेगकुटी मोकळा. त्या मोकळ्या जागेत पुष्काश आणि कोचिश घुसत. हिदेगकुटीने तीन गोल केले, बोझिकने एक, पुष्काशने दोन.

त्या दोनांपैकी पहिला गोल फुटबॉलच्या इतिहासात कायमचा कोरला गेला आहे. गोलच्या उजव्या बाजूला चेंडू पुष्काशकडे आला. इंग्लंडचा कर्णधार बिली राइट धावत येऊन पाय टाकून घसरला. त्या क्षणी पुष्काशने डाव्या बुटाच्या तळाने चेंडू मागे ओढला. राइट रिकाम्या गवतावरून घसरत बाहेर गेला आणि पुष्काशने त्याच पायाने चेंडू जाळ्यात भिरकावला. त्याचा उजवा पाय साधारण होता, डोक्याने तो फारसा खेळत नसे, उंची बेताची आणि अंगकाठी स्थूल. अशा माणसाने जगातल्या सर्वांत देखण्या संघाचं नेतृत्व केलं. 23 मे 1954 ला इंग्लंड परतफेडीसाठी बुडापेस्टला आलं आणि 7-1 ने हरून गेलं.

त्यानंतर सहा आठवड्यांनी बर्नमध्ये विश्वचषकाचा अंतिम सामना झाला. प्राथमिक फेरीत हंगेरीने पश्चिम जर्मनीला 8-3 असं लोळवलं होतं, पण त्याच सामन्यात लीब्रिखच्या धडकेने पुष्काशचा घोटा दुखावला. मधले दोन सामने तो बसून राहिला. 4 जुलैला अंतिम सामन्यात तो पूर्ण बरा नसताना उतरला, सहाव्या मिनिटाला त्याने गोल केला, आठव्या मिनिटाला त्सिबोरने दुसरा केला. पाऊस पडत होता, मैदान जड झालं होतं. अठराव्या मिनिटापर्यंत जर्मनांनी बरोबरी साधली, आणि 84 व्या मिनिटाला हेल्मुट राहनने तिसरा गोल केला. शेवटच्या मिनिटांत पुष्काशने चेंडू जाळ्यात घातला. लाइन्समनने ऑफसाइडचं निशाण उचललं. 1950 च्या उन्हाळ्यापासून न हरलेला संघ नेमका तो एक सामना हरला. जखमी कर्णधाराला उतरवण्याचा शेबेश यांचा निर्णय चुकीचा होता का, हा वाद हंगेरीत पिढ्यान्‌पिढ्या चालला. सहाव्या मिनिटाचा गोल आणि तो नाकारलेला गोल, दोन्ही त्याच जखमी माणसाचे होते. मला त्या निर्णयाला दोष देता येत नाही.

ऑक्टोबर 1956 मध्ये बुडापेस्टमध्ये उठाव झाला आणि नोव्हेंबरात सोव्हिएत रणगाड्यांनी तो चिरडला. होनवेदचा संघ तेव्हा युरोपियन चषकासाठी परदेशात होता. 22 नोव्हेंबरला बिल्बाओमध्ये ते 3-2 असे हरले. परतीची लढत बुडापेस्टला होणं शक्यच नव्हतं. ती डिसेंबरात ब्रसेल्सला झाली. गोलरक्षक जखमी झाला, बदली खेळाडूची मुभा नव्हती, म्हणून त्सिबोर हा आघाडीचा गडी गोलमध्ये उभा राहिला. 3-3 अशी बरोबरी झाली आणि होनवेद बाहेर पडला. मग हंगेरियन संघटनेचा विरोध झुगारून त्यांनी ब्राझीलचा दौरा केला. दौरा संपल्यावर प्रत्येकाला स्वतःचा निर्णय घ्यायचा होता. बोझिक परत गेला. कोचिश आणि त्सिबोर पुढे बार्सिलोनाला गेले. पुष्काश परतला नाही. त्याची पत्नी लहान मुलीला घेऊन पायी सीमा ओलांडून ऑस्ट्रियात आली होती. किश्पेश्तमधले दोन शेजारी या वळणावर कायमचे वेगळे झाले.

फिफाने त्याच्यावर बंदी घातली. दीड वर्षाहून अधिक काळ त्याने एकही अधिकृत सामना खेळला नाही. व्हिएन्ना, मग इटली. वजन भरमसाट वाढलेलं, वय तिशीपार. अनेक क्लबांनी नकार दिला. होनवेदचे जुने व्यवस्थापक एमिल ओस्टरराइशर आता रेआल माद्रिदमध्ये होते. त्यांनी शब्द टाकला आणि अध्यक्ष सांतियागो बेर्नाबेऊ यांनी 1958 मध्ये 31 वर्षांच्या या लठ्ठ माणसावर विश्वास टाकला.

पुढचं बहुतेकांना माहीत आहे, म्हणून लवकर सांगतो. रेआलसाठी 262 सामन्यांत 242 गोल. लागोपाठ पाच वेळा स्पेनचं विजेतेपद, आणि चार वेळा साखळीतल्या सर्वाधिक गोलांचा मान. 1960 च्या युरोपियन चषकाच्या अंतिम सामन्यात ग्लासगोच्या हॅम्पडन पार्कवर आयंट्राख्ट फ्रँकफुर्टविरुद्ध 7-3. त्यातले चार गोल पुष्काशचे, तीन दि स्तेफानोचे. दोन वर्षांनी ॲमस्टरडॅमला बेनफिकाविरुद्ध त्याने अंतिम सामन्यात पुन्हा तीन गोल केले, तरी रेआल 5-3 ने हरलं. त्या दिवशी वीस वर्षांच्या युसेबियोने दोन गोल करून सामना फिरवला. खेळ संपल्यावर पुष्काशने आपला शर्ट त्या पोराला दिला. हंगेरीसाठी 85 सामन्यांत 84 गोल करणारा हा माणूस स्पेनच्या शर्टातही चार सामने खेळला. त्यांत एकही गोल नाही. 1966 मध्ये, 39 व्या वर्षी, तो थांबला.

आणि आता तो दुसरा डाव.

सुरुवात निराशाजनक होती. स्पेनमध्ये एर्कुलेस, अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को, कॅनडात व्हँकुव्हर, पुन्हा स्पेनमध्ये अलावेस. मोठ्या खेळाडूच्या नावाने गर्दी जमेल या आशेने लोक त्याला बोलवत आणि लवकरच सोडून देत. माद्रिदने त्याला कधी मुख्य प्रशिक्षक केलं नाही. 1970 मध्ये अथेन्सहून बोलावणं आलं.

ग्रीसमध्ये तेव्हा फुटबॉल अधिकृतपणे व्यावसायिकसुद्धा नव्हतं. ते व्हायला 1979 उजाडलं. देशावर 1967 पासून लष्करी राजवट होती. हे लिहिताना मन थोडं अडखळतं. एका हुकूमशाहीतून निसटलेला पुष्काश फ्रँकोच्या स्पेनमध्ये राहिला आणि पुढे ग्रीसमधल्या लष्करशहांच्या काळात काम करत होता. त्याने राजकारणावर बोलणं टाळलं. मेजर म्हणून मिरवलेल्या आणि मग गद्दार ठरवल्या गेलेल्या माणसाने राजकारणापासून चार हात लांब राहावं, हे मला समजू शकतं.

पानाथिनाइकोसकडे मिमिस दोमाझोस हा बुटका, चलाख मध्यरक्षक कर्णधार होता आणि आघाडीला अँतोनिस अँतोनियादिस हा उंच, डोक्याने मारणारा स्ट्रायकर. स्वतः पुष्काश ज्या दोन गोष्टींसाठी कधी ओळखला गेला नाही, त्याच, म्हणजे उंची आणि हेडिंग, अँतोनियादिसची मुख्य शस्त्रं होती. पुष्काशने त्याला स्वतःसारखं करायचा प्रयत्न केला नाही. त्याच्या डोक्यावर चेंडू पडत राहील असा खेळ बसवला. त्या हंगामात युरोपियन चषकात सर्वाधिक, दहा गोल अँतोनियादिसने केले. महान खेळाडू प्रशिक्षक झाले की अनेकदा समोरच्याच्या मर्यादांवर चिडतात, ‘मला जमतं ते तुला का जमत नाही’ या प्रश्नात अडकतात. पुष्काश त्यात अडकला नाही, हे या एकाच उदाहरणावरून दिसतं.

लक्झेंबर्गच्या जनेस एशला हरवलं, मग स्लोवान ब्रातिस्लाव्हाला. उपांत्यपूर्व फेरीत समोर आला एव्हर्टन, इंग्लंडचा विजेता. लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर अँतोनियादिसने शेवटच्या दहा मिनिटांत गोल करून सगळ्यांना सुन्न केलं. एव्हर्टनने अगदी शेवटी बरोबरी साधली. अथेन्समध्ये 0-0. बरोबरी झाली तर परक्या मैदानावरचे गोल निर्णायक ठरत, आणि त्या एका गोलाने पानाथिनाइकोस पुढे गेला.

उपांत्य फेरीत बेलग्रेडच्या रेड स्टारने पहिल्याच लढतीत 4-1 असं झोडपलं. तीन गोलांची पिछाडी, आणि हातात फक्त कामारासने परक्या मैदानावर केलेला एक गोल. म्हणजे अथेन्सला 3-0 हवं, एकही गोल न खाता. लेओफोरोस अलेक्सांद्रास रस्त्यालगतच्या त्या छोट्या, कोंदट मैदानावर खेळ सुरू होताच अँतोनियादिसने गोल केला. मध्यंतरानंतर त्यानेच दुसरा केला. तिसरा कामारासने. बरोबर 3-0. ग्रीसमधल्या एका पिढीला ती रात्र अजून पाठ आहे.

वेम्बलीवर मात्र पाचव्याच मिनिटाला डिक फान डाइकने डोक्याने गोल केला. नंतर पानाथिनाइकोसने अयाक्सला बराच काळ रोखून धरलं, आणि शेवटच्या मिनिटांत आरी हानचा फटका बचावपटूला लागून आत गेला: 2-0. रिनुस मिखेल्स यांच्या त्या अयाक्सच्या तीन सलग युरोपियन विजेतेपदांपैकी हे पहिलं. मागे-पुढे जागा बदलत खेळणारा तो डच संघ वेम्बलीत बघताना 1953 च्या हंगेरीची आठवण अनेकांना झाली असणार. हिदेगकुटी जागा सोडून जो गोंधळ माजवायचा, त्याच विचाराला डचांनी सगळ्या संघाचं रूप दिलं होतं. पुष्काश त्या संध्याकाळी, एका अर्थाने, स्वतःच्याच जुन्या संघाच्या वारसांशी हरला.

पुढच्या वर्षी त्याने पानाथिनाइकोसला ग्रीसचं विजेतेपद मिळवून दिलं. 1974 मध्ये तो तिथून निघाला आणि मग प्रवास न संपणारा झाला. स्पेनमध्ये मुर्सिया, चिलीत कोलो-कोलो, सौदी अरेबियाचा राष्ट्रीय संघ, अथेन्सचा एईके, इजिप्तमध्ये पोर्ट सईदचा अल-मस्री, पॅराग्वेतले दोन क्लब. या काळात करंडक जवळपास नाहीत. शिस्तीचा, डावपेचांच्या वह्या भरणारा प्रशिक्षक तो कधीच नव्हता. बचाव पक्का बसवून 1-0 ने जिंकायचा काळ युरोपात आला होता आणि पुष्काशला त्यात रस नव्हता. त्याच्यावर ढिलेपणाचा आरोप झाला. त्यात तथ्य आहे. पण जिथे तो राहिला तिथल्या खेळाडूंना तो हवाहवासा वाटला, हेही तितकंच खरं.

1981 मध्ये, पंचवीस वर्षांनी, त्याला हंगेरीत पाऊल ठेवता आलं. बुडापेस्टच्या नेपश्तादियोनमध्ये हंगेरी-इंग्लंड सामन्याआधी जुन्या खेळाडूंची एक मैत्रीपूर्ण लढत होती आणि त्यात तो उतरला. 1954 मध्ये 7-1 झालं ते हेच मैदान. शाळेत ज्याचं नाव घेतलं जात नव्हतं, त्या माणसाला तरुणांनी पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिलं.

1989 मध्ये तो मेलबर्नला गेला. साउथ मेलबर्न हेलास हा ऑस्ट्रेलियात स्थलांतरित झालेल्या ग्रीकांनी उभा केलेला क्लब. वेम्बलीचा अंतिम सामना त्यांनी दूर देशी बसून ऐकला होता. पुष्काश त्यांच्यासाठी आपल्यातलाच होता. त्याची इंग्रजी जेमतेम, पण ग्रीक चांगली. संघाचा कर्णधार होता अथेन्समध्ये जन्मलेला, लहानपणी आईवडिलांबरोबर ऑस्ट्रेलियाला आलेला बचावपटू आंजे पोस्तेकोग्लू. पुष्काश गाडी चालवत नसे. हा तरुण त्याला आपल्या जुन्या डॅट्सनमधून सरावाला न्यायचा आणि संघासमोर त्याचं बोलणं इंग्रजीत सांगायचा. तीन वर्षं रोज शेजारच्या आसनावर बसलेला पुष्काश ऐकणं हे केवढं शिक्षण असेल! पोस्तेकोग्लूने पुढे अनेकदा सांगितलं आहे की पुष्काशला किती गोल खाल्ले याची फिकीर नसे. प्रतिस्पर्ध्याहून जास्त करा, एवढंच त्याचं म्हणणं. दोन्ही बाजूंना रेषेलगत खेळणारे विंगर हवेतच, हा त्याचा आग्रह.

1991 च्या राष्ट्रीय साखळीच्या अंतिम सामन्यात हेलाससमोर मेलबर्न क्रोएशिया होता. हेलास 1-0 ने मागे होता; शेवटच्या मिनिटांत बरोबरी झाली आणि पेनल्टीवर 5-4 असा विजय मिळाला. ग्रीसनंतर त्याचं हे सर्वांत मोठं यश. युरोपातल्या वर्तमानपत्रांनी त्याची फारशी दखल घेतली नाही. पण तो कर्णधार पुढे प्रशिक्षक झाला, ऑस्ट्रेलियाला 2015 मध्ये आशियाई विजेता केलं आणि मे 2025 मध्ये टॉटनहॅमला युरोपा लीग जिंकून दिली. तो अंतिम सामना बिल्बाओमध्ये होता, त्याच शहरात जिथे नोव्हेंबर 1956 मध्ये होनवेद खेळला आणि पुष्काशचं निर्वासिताचं आयुष्य सुरू झालं. सतत आक्रमण करणारा, त्यापायी गोल खाण्याची जोखीम पत्करणारा खेळ हीच पोस्तेकोग्लूची ओळख आहे. पुष्काशने प्रशिक्षक म्हणून काय मिळवलं, असं कुणी विचारलं तर मी करंडकांच्या यादीआधी हे नाव सांगेन.

राजवट बदलल्यावर पुष्काश बुडापेस्टला कायमचा परतला. 1993 मध्ये, वयाच्या 66 व्या वर्षी, त्याच्याकडे हंगेरीचा राष्ट्रीय संघ तात्पुरता सोपवला गेला. चार सामने, त्यांतला एकच जिंकला: डब्लिनमध्ये आयर्लंडविरुद्ध, 2-0 ने मागे पडून 4-2. तोवर हंगेरियन फुटबॉल पार खालावलं होतं. 1986 नंतर तो देश विश्वचषकात गेलेलाच नाही. चार सामन्यांत एकट्या माणसाने तिथे काय करायचं? तरी मागे पडूनही चार गोल करून जिंकलेला तो एक सामना अगदी त्याच्या स्वभावाचा होता. 2002 मध्ये नेपश्तादियोनला त्याचं नाव दिलं गेलं, त्याच्या हयातीतच. अल्झायमरच्या आजाराने त्याला तेव्हा घेरलं होतं. 17 नोव्हेंबर 2006 ला तो गेला, आणि ज्या देशाच्या सरकारने एकेकाळी त्याला गद्दार म्हटलं होतं त्याच देशाने त्याला राष्ट्रीय इतमामाने निरोप दिला. 2009 पासून वर्षातल्या सर्वांत सुंदर गोलाला फिफा त्याच्या नावाचा पुरस्कार देते. अथेन्समध्ये मात्र आजही त्याची आठवण प्रशिक्षक म्हणूनच निघते. 1971 नंतर दुसरा एकही ग्रीक संघ युरोपियन चषकाच्या अंतिम सामन्यात पोहोचलेला नाही.